उंबऱ्यातलं सोफ्रे

ममताचं डोकं फिरलं ते एका ताटलीवरून. लेकीचं बारसं, माजघरात भावकी जेवणाची वाट बघत बसलेली, आणि सासूबाई, भिकुबाई, म्हणाल्या, "फुलीनी ताटली ओटावर दे. हाई सोफरं मझार टाक." म्हणजे बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या फुलीबाईने एकटीने बाहेर ओट्यावर जेवायचं, आणि सोफ्रे आत भावकीला.

सोफ्रे म्हणजे फुलाफुलांचं मोठं कापड. पुण्याच्या वसतिगृहात ममताच्या खोलीत इराणमधल्या शिराझची महनाझ होती, तिने लग्नात दिलेलं. शब्दही तिनेच शिकवला. जमिनीवर अंथरायचं, भाकरी थेट त्यावरच ठेवायची, घरचं-दारचं माणूस भोवती बसवायचं. अन्नाची जागा ती, म्हणून ओलांडायची नाही. आणि ज्यांनी एका सोफ्रेवर मीठ खाल्लं, त्यांनी एकमेकांशी बेइमानी करायची नाही. भिकुबाईंना यातलं ओलांडायचं नाही एवढंच पटलं होतं. त्यावरून त्या पोटच्या लेकाला, ममताच्या नवऱ्याला, नवनीतलाही दटावत.

आणि फुलीबाईने सव्वा महिना या लेकराला तेल चोळून न्हाऊ घातलं होतं! तिचे हात लेकराला चालतात, मग पंगतीला का चालत नाहीत? गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! ममताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

तिने सोफ्रे उचललं ते दारातच अंथरलं, अर्धं घरात, अर्धं ओट्यावर. मधोमध मिठाची वाटी आपटली.

"फुलीमाय, ये. बठ."

"येडी व्हयनी का तू?" भिकुबाई कडाडल्या. "पाहुणा बठेल शेतस घरमा! उचल ते!"

"तुम्हीच उचला. नाहीतर ओलांडून या."

फुलीबाई बिचकत कडेला टेकली. मग तिने कमरेचं फडकं सोडलं आणि आपल्या घरची ज्वारीची भाकरी सोफ्रेवर ठेवली.

"मन्ही भाकर खाशी का, बाई?"

ममताचा हात थबकला. सव्वा महिना या बाईकडून अंग रगडून घेतलं, पण तिच्या घरचा घास ममतानेही कधी तोंडात घातला नव्हता. आता स्वतःचाच असा राग आला, की डोळे भरले.

तिने भाकरी मोडली, अर्धी फुलीबाईला दिली, अर्धी मिठाला लावून खाल्ली.

सोफ्रे ओलांडायला उचललेला पाय भिकुबाईंनी मागे घेतला.