मेलेली कोंबडी उठवणारा महाराज

मेलेली कोंबडी उठून पळाली, तशी मारुतीच्या पारासमोरची दोन-अडीचशे माणसं हात जोडून वाकली.

ती उठताना मीही पाहिली. चांगली पांढरी, तुकतुकीत कोंबडी. भभूतीमहाराजांनी तिला भुईवर आडवी केली, डोकं तळव्यानं दाबलं, चोचीपासून पुढं हातभर भस्माची रेघ ओढली आणि हात काढून घेतला. कोंबडी हलली नाही. पाय ताठ, डोळे उघडे.

"कोणी शिवू नका. प्राण ऊपर गेला," महाराजांनी जाहीर केलं. मग त्यांनी मंत्र पुटपुटत आकाश बांधलं, पाताळ बांधलं, कोण्या भैरवाला मोडक्या हिंदीत दम भरला आणि कोंबडीच्या डोक्याशी जोरात टाळी वाजवली. कोंबडी फडफडत उकिरड्याकडे गेली.

"यमाच्या दारातून वापस आणली," महाराज म्हणाले. "डाक्टर की सुई खतम होते, तिथून आपली भभूत सुरू."

हे मला उद्देशून होतं. मी सायकल धरून मागं उभा होतो. १९६४ साल, उन्हाळ्याचं तोंड. मी जनावरांच्या दवाखान्यात लस टोचणारा. लोक डॉक्टर म्हणत, डॉक्टर मी नव्हतो. वडनेर भोलजीहून तासभर सायकल हाणत या गावी आलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. गावचे पाटील नारायणराव यांचे नातू अजून तिथं नांदतात.

गावात कोंबड्यांची मानमोडी शिरली होती. मान पिळवटते, हिरवी हगवण लागते, दोन-तीन दिवसांत खुराडं रिकामं होतं. औषध नाही. धडधाकट कोंबडीला आधीच लस टोचली तर ती वाचते, एवढाच उपाय. माझ्या थर्मासात लस होती आणि लसीभोवती बर्फ. बर्फ दुपारी तीनपर्यंत टिकला असता.

पण एकही बाई कोंबडी घेऊन पुढं येईना. सुई टोचली तर देवी कोपेल, असं महाराजांनी सांगून ठेवलं होतं. हे गृहस्थ दहा दिवसांपूर्वी बैलगाडीतून आले, नारायणरावांच्या अंगणात उतरले आणि म्हणाले, "गावावर संकट येऊन राह्यलं." तेव्हा गावात एकही कोंबडी आजारी नव्हती. सहाव्या दिवशी कोंबड्या पडू लागल्या आणि गावानं महाराजांचे पाय धरले. उतारा म्हणून दर घरामागं एक बिनडागी कोंबडा त्यांच्या गाडीतल्या झाकलेल्या टोपलीत जायचा. देवीची रुची मोठी चोखंदळ. म्हातारा कोंबडा तिला चालत नसे.

मी पुढं होऊन म्हणालो, "ती कोंबडी मेलीच नव्हती."

"मग काऊन पडली होती, सांगा," महाराज म्हणाले.

ते मला खरंच ठाऊक नव्हतं. लोक हसले.

महाराजांना तेवढं पुरलं. त्यांनी डोळे मिटले, मान डोलवली आणि म्हणाले, "एका घरचा उतारा बाकी हाय. ज्या घरानं देव नदीत सोडले, त्याच घरातून रोग निघाला."

सगळ्यांच्या माना बौद्धवाड्याकडे वळल्या. आठ वर्षांपूर्वी त्या वस्तीनं देव सोडून बुद्धाला हात जोडले होते. तिथल्या तानाबाईनं महाराजांना कोंबडा द्यायला साफ नकार दिला होता. नारायणरावांनी माणूस धाडला: दिवस मावळायच्या आत सगळ्या कोंबड्या पारावर आण, नाहीतर उद्यापासून कोणाच्या वावरात कामाला पाय ठेवायचा नाही.

त्या माणसामागोमाग मीही तिच्या घरी गेलो. तानाबाई विधवा, पन्नाशीची. अकरा कोंबड्या, एक कोंबडा, दोन शेळ्या. निरोप सांगून माणूस गेल्यावर ती मला म्हणाली, "तुम्ही टोचा, साहेब. न्यायच्या असतील तर टोचलेल्या नेऊ द्या."

पहिलीच कोंबडी माझ्या हातातून निसटू लागली. तानाबाईनं ती माझ्याकडून घेतली, भुईवर आडवी केली, डोकं दाबून बोटानं धुळीत रेघ ओढली आणि हात काढला. कोंबडी तशीच पडून राहिली. पाय ताठ, डोळे उघडे.

मी सुई हातात धरून बघत राहिलो. "हे कोणी शिकवलं?"

"कोन शिकवन? माझी माय अशीच निजवे. कोंबडी लय भेली का मेल्यावानी पडते. मांजरीनं मेली समजून सोडावं म्हणून."

"पारावर हेच चालू आहे, तानाबाई."

"ठावं हाय मले. पोरी-सोरी पन करतात हे. पन पारावर माझं कोन ऐकन?" तिनं पदर खोचला. "तुम्ही संगं उभे राहाल?"

मी हो म्हणालो आणि आधी तिच्या सगळ्या कोंबड्या टोचून घेतल्या. मग तिनं एक कोंबडी काखोटीला मारली आणि चालू लागली.

पारासमोर तिनं मंत्र म्हटला नाही, भस्म घेतलं नाही. कोंबडी निजवली, रेघही ओढली नाही. कोंबडी पडून राहिली. तानाबाईनं टाळी वाजवली, कोंबडी उठली. तिनं पुन्हा निजवली, पुन्हा उठवली.

"चेटूक करते ही," महाराज ओरडले. गर्दीतून दोघं-तिघं पुढं सरकले. मी तानाबाईच्या पुढं जाऊन उभा राहिलो.

तेवढ्यात नारायणरावांच्या पत्नी सुभद्राबाई गर्दीतून आल्या. दहा दिवस महाराजांना कोंबडीचा रस्सा त्यांनीच रांधून घातला होता. त्यांच्या हातात मेलेली कोंबडी होती, मान मागं पिळवटलेली.

"सकाळी मेली," त्या म्हणाल्या. "हिले उठवा, महाराज."

"हिची वेळ भरली होती, माय."

"अन् त्या पांढरीची नव्हती भरली? उठवा नं."

नारायणराव म्हणाले, "सुभद्रा, घरी जाय."

"जाईन. ही उठू द्या आधी."

लोक बघत होते. महाराजांनी रेघ ओढली, भैरवाला बोलावलं, टाळी वाजवली. कोंबडीच्या डोळ्यावर माशी बसली होती, ती उडाली. कोंबडी नाही.

मी पाराशेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीजवळ गेलो आणि टोपलीवरचं फडकं ओढलं. आत वीसेक कोंबडे कोंबलेले होते. दोघांच्या माना पिळवटल्या होत्या, एक मरून पडला होता.

"तुम्ही आलात तेव्हा हे टोपलं रिकामं होतं?" मी विचारलं.

उत्तर सुभद्राबाईंनी दिलं. "नाई. चार कोंबडे होते, मागच्या गावचे. आमच्याच अंगनात सोडले होते. आमच्या कोंबड्याइत मिसळून चरले."

रोग अंगात शिरल्यापासून दिसायला पाच-सहा दिवस लागतात, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. संकट येणार हे महाराजांनी बरोबर सांगितलं होतं. ते गाडीत घालून त्यांनीच आणलं होतं. एका गावचे आजारी कोंबडे दुसऱ्या गावात सोडायचे, तिथं रोग पसरला की तिथले गोळा करायचे, आणि तिसऱ्या गावाला भविष्य सांगायला जायचं. मुद्दाम की अडाणीपणानं, हे मला माहीत नाही. मेलेल्या कोंबड्यांना त्यानं काही फरक पडला नाही.

लोक आपसांत भांडत असतानाच भैरवाचा धनी गाडी जुंपून निघून गेला. टोपली आम्ही ठेवून घेतली. आजारी कोंबडे मारले आणि मेलेल्याबरोबर चुना टाकून पुरले.

मग बायका कोंबड्या घेऊन रांगेत आल्या. एक-एक कोंबडी तानाबाईनं धरली आणि मी टोचली. साडेतीनला बर्फ विरघळला, तेव्हा निम्मी रांग उरली होती. दुसऱ्या दिवशी नवी लस घेऊन आलो, पण तोवर उशीर झाला होता. गावातल्या एक तृतीयांश कोंबड्या मेल्या. सुभद्राबाईंच्या सगळ्या गेल्या. तानाबाईच्या अकराही वाचल्या, कोंबडाही वाचला.

नारायणरावांनी वावराची बंदी मागं घेतली, तीही निरोप धाडून. चुकलो असं ते कधी म्हणाले नाहीत. पंधरवड्यानं सुभद्राबाई मात्र स्वतः बौद्धवाड्यात गेल्या, तानाबाईच्या ओट्यावर बसून चहा प्याल्या आणि माहेरून आणलेल्या खुडूक कोंबडीखाली ठेवायला अंडी मागितली. तानाबाईनं तेरा अंडी मोजून दिली.

अशा भोंदूंचा मला राग येतो, पण त्यांच्यासमोर वाकणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसांचा जास्त येतो. त्या पारासमोर कोंबड्या पाळण्यात जन्म घालवलेल्या बायका उभ्या होत्या. निजवलेली कोंबडी कशी पडून राहते, हे त्यांतल्या कितीतरी जणींना माहीत होतं. भस्माचा एक पट्टा पाहिला आणि त्या आपल्याच डोळ्यांनी पाहिलेलं विसरल्या. वाचकहो, चमत्कार दाखवणारा भेटला तर वाकण्याआधी तुम्हाला स्वतःला काय ठाऊक आहे ते आठवा, आणि ते मोठ्यानं बोला. पहिलं बोलणाऱ्याला भीती वाटते. म्हणून तुम्हाला बोलता येत नसेल, तर निदान बोलणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.