लाईव्ह चालू होतं

मी मोबाईल बोलतोय. काष्टीच्या सिल्व्हियाबाईंचा. काच तडकलेली, पाठ तापलेली, पण खोड्या काढायला अजून ताजा हाय.

दुकानातून निघालो तेव्हा वाटलं, एखाद्या शेतकऱ्याकडं जाईन, कांद्याचे भाव सांगत बसेन. नशिबात चर्च आलं. बाई मला बायबल वाचायला म्हणून न्यायच्या. पाळकसाहेब नोहाचं तारू सांगत, बाई माझ्यावर ब्लाऊजच्या बाह्या बघत. प्रार्थनेला "डोळे मिटा" म्हटलं की निम्मी मंडळी आपापल्या मांडीत बघायची. मांडीत कोण? आमीच.

बाईंची थोरली जाऊ सत्यशीला. बाईंनी आपल्या लेकराच्या बाप्तिस्म्याला तिला बोलावलं नाही म्हणून दोघींचं बोलणं बंद. सासू आक्काबाई थोरलीकडं अंथरुणाला खिळलेली. तिचं एकच म्हणणं, "माजे डोळे मिटायच्या आत दोघी एका ताटात जेवा."

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर घ्यायचा रविवार आला. इथली रीत अशी, की ज्याच्याशी वाकडं त्याचा हात धरायचा, मगच भाकर घ्यायची. बाईंनी माझ्यावर लाईव्ह लावलं आणि मला उंच धरून जावेपुढं उभ्या राहिल्या.

"ताई, चुकलं माझं."

"माजंबी चुकलं गं," म्हणून सत्यशीला गळ्यात पडून रडली. अख्खं चर्च नाक पुसायला लागलं. घरी खाटेवर आक्काबाई मोबाईलवर हेच बघत होती, तीही रडली.

जागेवर येऊन बाईंनी मला बंद केलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं. बंदचं बटण नेमकं तडकलेल्या काचेखाली. दाबलं तरी दबत न्हाई. मी कशाला सांगू?

गाणं चालू होतं. त्याच्या आडोशानं बाई शेजारच्या कृपाला म्हणाल्या, "बघितलंस? म्हशीला पान्हा फुटावा तशी रडली. व्हिडिओ झक्कास आला. आता तिच्या दारात जातंय कोण."

"लई पोचलेली हायेस तू," कृपा हसली.

गाण्यात कुणाला काही ऐकू गेलं नाही. पण लाईव्ह जरा मागून चालतं, इथं बोललेलं बघणाऱ्याला अर्ध्या मिनिटानं ऐकू येतं. पुरुषांच्या बाजूला बाईंचा नवरा जेम्स, समोरची उपासना सोडून बायकोचं लाईव्ह बघत बसलेला. गाण्यात ऐकू येईना म्हणून आवाज पार वाढवलेला.

गाणं संपलं. सत्यशीला पुढं जाऊन गुडघ्यावर, भाकरीसाठी हात पसरलेले. सगळं शांत. आणि जेम्सच्या हातातून बाईंचा आवाज निघाला. म्हैस, पान्हा, दार, सगळं.

"अरं, बंद कसं करायचं ह्ये?" जेम्स खिसा, रुमाल, मांडी, सगळ्याखाली मोबाईल दाबत होता.

सत्यशीलानं हात मागं घेतले. उठली, पदर सावरला आणि भाकर न घेताच बाहेर गेली.

आक्काबाईनंही ऐकलं. भिंतीकडं तोंड करून पडली, ती महिन्याभरात गेली.

कबरस्तानात दोघी जावा खड्ड्याच्या दोन कडांना, मधे पेटी. बाईंना सासूचा शेवटचा फोटो पाहिजे होता. थोरली त्यात यायला लागली, तशा बाई बाजूला सरकल्या आणि मग काढला.

आता बाईंना नवा मोबाईल हवाय, मला विकायला काढलंय. घेणार असाल तर एकच विनंती. दर रविवारी मला उपासनेला न्या. घरी बसून करमत न्हाई मला.