बॉनेट न उघडता

जावयाला दहावा ग्रह म्हणतात. फोरमनच्या मते बाकीचे नऊ फुकट बदनाम झाले होते, त्याच्या राशीला हा एकटा पुरेसा होता. नवऱ्याशी भांडून माहेरी आलेली मुलगी गॅरेजमागच्या खोलीत सामान भरत होती, अन् तिला न्यायला जावई टेम्पो घेऊन दारात उभा होता. मुलगी जाऊ नये, एवढंच फोरमनला हवं होतं.

"असल्या तेलकट गाडीत माझी मुलगी बसणार नाही," तो म्हणाला. "आधी इंजिन धुवा, जावईबापू. गरम असताना पाणी मारू नका, तडकेल. बॅटरीची वायर काढा, आल्टरनेटर झाका. फिल्टर काढला की हवेच्या पाइपचं तोंड प्लास्टिकने घट्ट बांधा."

"मामा, गाडी चालवूनच पोट भरतो मी."

"चालवता हो. सांभाळता कधी?"

इंजिन निवेपर्यंत दोघे एकमेकांकडे पाठ करून बसले. मग सासऱ्याने सांगितलं तसंच सगळं जावयाने केलं, अन् त्यानेच फोरमनचं पित्त खवळलं. प्लास्टिकची गाठ तेवढी ढिली राहिली. पाण्याची धार जवळून बसताच ती निसटली आणि पाइपच्या उघड्या तोंडात पाणी घळाघळा शिरलं. जावयाचं लक्ष खालच्या काळ्या थराकडे होतं. फोरमनने मात्र पाहिलं. आत पाणी असताना इंजिन फिरवलं की पिस्टनचा दांडा वाकतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. होऊ दे याची फजिती, तिच्या डोळ्यांदेखत होऊ दे.

जावयाने लोंबणारं प्लास्टिक न बघताच ओढून टाकलं, फिल्टर बसवला, वायर जोडली, बॉनेट आपटलं. तेवढ्यात मुलगी बाहेर आली. त्याने किल्ली फिरवली. आत कुणी घण घातल्यासारखा आवाज झाला आणि टेम्पो गप्प पडला.

"पाणी गेलं आत," फोरमन लगेच म्हणाला. त्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "पाइपवरचं प्लास्टिक सुटलं होतं याचं. अशा माणसाच्या भरवशावर निघालीस?"

जावई पडल्या चेहऱ्याने उतरला आणि बॉनेट उघडायला गेला. मुलीने त्याचा हात धरला.

"अजून बॉनेट उघडलंच नाही, बाबा. तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून."

"प्लास्टिक सुटल्याचा आवाज?"

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांना हजार थापा मारल्या होत्या फोरमनने. आता एक सुचेना.

"बघत होतात," ती म्हणाली. "अन् गप्प बसलात."

"तुझ्यासाठीच बसलो. मी दुरुस्त करतो टेम्पो, तोवर थांब."

ती नवऱ्याकडे वळली. "चल. चालत जाऊ."

"आणि टेम्पो?"

"असू दे इथेच. कुणीतरी हवं ना बाबांच्या सोबतीला."