चाळीस खांदे

रेवदंड्याच्या उत्तरेला किनाऱ्याशी आमची वाडी. होडी आली की जो असेल त्यानं पाण्यात उतरून ती वर ओढायला खांदा द्यायचा, ही तिथली रीत. कोणाची होडी, हे विचारायचं नाही. मागून लाट मारते. होडी आडवी झाली की संपलं. वाडीत मुसलमानांची सात घरं, त्यांच्या दोन होड्या. त्यांच्या आम्ही ओढायचो, आमच्या ते.

सत्तेचाळीसच्या कार्तिकात शिवदास मुंबईच्या गोदीतून घरी आला. पंजाबच्या गोष्टी सांगू लागला. गाड्या भरून प्रेतं, विहिरीत बायका. खऱ्याच होत्या. पण सांगताना तो दाऊद तांडेलच्या घराकडे बघायचा. दाऊद त्यांच्या एका होडीचा म्होरक्या, त्यानंच मला वारा ओळखायला शिकवलं होतं. पंधरा दिवसांत आम्ही त्याला नावानं हाक मारणं सोडलं. 'त्यांच्यातला' म्हणू लागलो.

मग रावजी पाटलानं देवळापुढे नारळ ठेवला. नारळावर हात ठेवून दिलेला शब्द मोडला तर माणूस वाळीत.

"मारायचं न्हाय कुनाला," रावजी म्हणाला. "आपन काय मारेकरी हाव? त्यांच्या होडीला खांदा द्यायचा न्हाय, बस. आपसूक जातील."

"व्हय, खांदेकरी बोलवू दे की कराचीवरनं!" शिवदास म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो आणि नारळावर हात ठेवला. मारायचं नाही म्हटल्यावर हलकंच वाटलं. म्हातारपणी अक्षरं शिकल्यावर वर्तमानपत्रात 'वंशसंहार' हा शब्द वाचला. त्यात तलवारी असतात, आगी असतात. आमच्याकडे नारळ होता.

आठव्या दिवशी दुपारी वारा फिरला. आमच्या होड्या वेळेत वर आल्या. दाऊदची मागे राहिली. होडीत तो आणि त्याचा मोठा लेक इसाक. त्यांचे बाकीचे गडी बाजाराला गेलेले. किनाऱ्यावर आम्ही चाळीसजण.

"येसा! दोर घे रे, येसा!" दाऊद ओरडला.

दोर माझ्या पायाशी येऊन पडला. मी रावजीकडे पाहिलं. तो माडांकडे बघत होता.

"घ्या ना वो दोर," माझी बायको नलू मागून म्हणाली. "मानसं हायत ती."

"तू गप," मी म्हणालो.

लाटेनं दोर परत नेला. पुढच्या लाटेला होडी आडवी झाली. दाऊद बाहेर फेकला गेला, इसाक तिच्याखाली सापडला. तेव्हा मात्र चाळीसच्या चाळीस धावलो. मेलेल्याला बाहेर काढायला नारळाची मनाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीचा जमादार आला. होडी कशी उलटली, म्हणून विचारू लागला. दाऊद ओट्यावर बसून राहिला. त्याची बायको खतिजाबी पुढे झाली. तिची दोन लहान पोरं दारात उभी होती. तिनं आम्हाला एकेकाला पाहिलं. माझ्यापाशी नजर जरा थांबली.

"दर्यानं नेला," ती म्हणाली. "हे सगळे धावले, साहेब. लई धावले."

जमादारानं तसंच लिहिलं. साक्षीला मी अंगठा उठवला. शाई पुसताना मनात आलं, बाई समजूतदार आहे.

महिन्याभरात सातही घरं रिकामी झाली. कुठे गेली, कोणी विचारलं नाही. रावजीनं घरं वाटून दिली. दाऊदचं मला आलं. नलू उंबरठ्यापाशी दोन दिवस बसून राहिली, आत येईना. तिसऱ्या दिवशी आली आणि चूल पेटवली.