मामाचे अठ्ठावीस दिवस

डोळे मिट बरं क्षणभर. समज, तुला एका लोखंडी मनोऱ्याच्या टोकाशी, क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसवलंय. खाली बारा मजल्यांइतकी पोकळी आणि माणसं मुंग्यांएवढी. हाताशी दोन दांडे. एक दांडा केसभर जास्त सरकला, तर तारेला लटकलेल्या विटा झोका घेऊ लागतात, आणि त्यांच्याखाली कुणाचा तरी बाबा उभा असतो. भीती वाटली ना? आपल्या गोष्टीतला मामा हेच काम अकरा वर्षं करत होता, आणि त्याला कधी भीती वाटली नव्हती.

ती वाटली डॉक्टरीणबाईंच्या समोर. वर्षाच्या तपासणीत मामाचा रक्तदाब एकशे चौसष्ट निघाला. त्यांनी पुन्हा मोजला, तेवढाच. मग पिता का, असं विचारलं. मामाने आधी छताकडे पाहिलं, आणि मग सांगितलं, की रोज कामावरून आल्यावर दोन ग्लास, फार नाही. बाई रागावल्या नाहीत. अठ्ठावीस दिवस अजिबात घेऊ नका, म्हणाल्या. फार पिणाऱ्याने असं एकदम थांबणं धोक्याचं असतं, त्याला डॉक्टरांची देखरेख लागते. तुमचं तेवढं नाही, तुम्हाला जमेल. यकृताला विसावा मिळेल, झोप नीट लागेल, दाबही बहुधा उतरेल. पण तोवर वर चढायचं नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी दाब उतरलेला नसला, तर केबिनमध्ये दुसरा माणूस बसेल.

मामा जमिनीवर आला. ओझ्यांना पट्टे बांधायचं काम मिळालं. सोबती येता-जाता विचारायचे, काय राव, विमान उतरलं का?

घरी तिघंच होते: मामा, त्याची ताई आणि ताईची नऊ वर्षांची मुलगी. ही मुलगी सगळ्यांना कामाला लावायची, म्हणून मामा तिला मुकादम म्हणायचा. पहिला आठवडा घर पाय न वाजवता चालत होतं. मामा दारावरसुद्धा खेकसायचा. सहा वाजले की त्याचा हात आपोआप कपाटाच्या कडीकडे जायचा आणि मुकादम वहीतून डोळे वर करून बघायची. तो हात मागे घ्यायचा.

दुसऱ्या आठवड्यात मात्र पाठ टेकताच झोप लागू लागली. घोरणं इतकं थांबलं, की ताई दोनदा उठून श्वास चालू आहे ना, ते बघून आली. डोळ्यांखालची सूज गेली. कमरेचा पट्टा एक भोक आत आला.

एकोणिसाव्या दिवशी कामावर एका जुन्या सोबत्याचा निरोपसमारंभ होता. कुणीतरी मामाच्या हातात ग्लास दिला. मामाने तो रिकामा केला. एकच.

विसाव्या दिवशी सहा वाजता मामाने कपाट उघडलं. ताई अजून कामावरून यायची होती. त्याने बाटली टेबलावर ठेवली, ग्लास भरला आणि त्याच्याकडे बघत बसला.

"मामा, आठ दिवस राहिलेत," मुकादम म्हणाली.

"राहिले नाहीत, संपले." मामाने कालचं सगळं सांगून टाकलं. "आमच्यात ओझं वर जाताना तिरकं झालं, की ते अर्ध्यात सावरत नाहीत. खाली टेकवायचं, पट्टे सोडायचे, पुन्हा पहिल्यापासून. आता पहिल्यापासून अठ्ठावीस कुठून आणू?"

मुकादम टेबलाशी येऊन बसली. मामाची बोटं ग्लासभोवती होती.

"काल झोप लागली?"

"नाही. सारखी जाग येत होती."

"आणि परवा?"

"परवा मस्त."

"मग परवाची झोप काल कुणी परत घेतली का?"

मामाने ग्लास जवळ ओढला. तेवढ्यात मुकादमने फोन उचलला आणि दवाखान्याचा नंबर लावला. मामा नको नको म्हणत अर्धा उठला. डॉक्टरीणबाईंना कळलं की केबिन गेलीच, हीच तर त्याची खरी भीती होती. पण पलीकडून आवाज आला, आणि मुकादमने फोन त्याच्या हातात दिला.

मामाने खाली मान घालून कालचं सांगितलं, तिरक्या ओझ्याचंही. मग नुसतं ऐकत राहिला. त्याचा कान लाल झाला होता. बाई म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, खोटं बोलला असतात तर मला आकड्यांचा अर्थच लागला नसता. एका संध्याकाळने अठरा दिवसांची विश्रांती पुसली जात नाही. तुमचं शरीर म्हणजे विटांचं ओझं नव्हे. केबिनचं मी आज काहीच कबूल करत नाही, ठरलेल्या दिवशी या, मोजू. आणि आजचं काय ते तुमच्या हातात आहे.

फोन बंद झाला. ग्लास तसाच भरलेला. घड्याळात सहा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि ताई यायला अजून तासभर होता. मामाने ग्लासकडे पाहिलं. मग म्हणाला, "हा तास काढायचा कसा, मुकादम? इथे बसून नाही निघायचा."

मुकादमने ग्लासला हात लावला नाही, बाटलीलाही नाही. ती दाराशी गेली, मामाचे बूट आणून त्याच्या पायांपुढे ठेवले आणि जमिनीवर बसून आपल्या बुटांच्या नाड्या बांधू लागली. मामाने ग्लास दूर सारला आणि एक पाय बुटात घातला. तेव्हा तिने आपली नाडी अर्धी सोडून दिली, आणि त्याच्या दुसऱ्या बुटाची नाडी सैल करून बुटाचं तोंड मोठं करून धरलं.