पाक ओमारचं गाव

गार्गी टिळेकर दुसऱ्यांसाठी भाषणं लिहीत असे. सिंगापूरच्या तांजोंग पगार भागात, खाली दुकान असलेल्या एका जुन्या शॉपहाउसच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. खाली कॉफी मिळते आणि वर मतं मिळतात, असं तिचा नवरा राजस म्हणायचा. राजस तेलवाहू जहाजांवर मरीन इंजिनियर होता आणि दोन जहाजांच्या मधल्या सुट्टीत घरी असला की बायकोच्या कामाबद्दल असं काहीबाही बोलून स्वतःची करमणूक करून घ्यायचा.

त्या वर्षी ऑफिसात पाइपलाइनचं काम आलं. दोन शेजारी देश. एकाकडे तेल, दुसऱ्याकडे बंदर. सीमा ओलांडून तेल बंदरापर्यंत न्यायचं होतं. देशांची नावं सांगता येत नाहीत, कारण दोघांनीही ऑफिसकडून गुप्ततेचा करार लिहून घेतला होता, आणि आजवर दोघांनी एकमताने मंजूर केलेली तेवढी एकच गोष्ट होती. पाइपलाइनला मंजुरी द्यायची की नाही हे ठरवायला दोन्ही संसदांची मिळून एक समिती नेमली गेली. मग कोणी कोणाच्या राजधानीत आधी जायचं यावर बरेच महिने रुसवेफुगवे झाले, आणि शेवटी समिती सिंगापूरच्या एका हॉटेलात भरवायचं ठरलं. तिथला एसी दोघांनाही मान्य होता.

तेलवाल्या देशाचे ऊर्जामंत्री पाइपलाइनच्या बाजूने. ते गार्गीचे क्लायंट. बंदरवाल्या देशाचे विरोधी पक्षाचे एक खासदार पाइपलाइनच्या विरुद्ध. तेही याच ऑफिसचे क्लायंट, पण प्रकाशच्या टेबलावरचे. गार्गी आणि प्रकाश यांच्या मध्ये बॉसने, म्हणजे डेसमंड कोहने, धुरकट काचेचं पार्टिशन घालून घेतलं होतं. आमच्याकडे दोन टीम्समध्ये भक्कम भिंत आहे, असं तो दोन्ही क्लायंट्सना ती काच वाजवून दाखवायचा. पुढे प्रकाशला दुबईत नोकरी लागली आणि तो गेला.

"त्याचं काम तूच बघ," डेसमंड गार्गीला म्हणाला.

"आणि भिंत?"

"भिंत डोक्यात ठेव."

गार्गीने ती डोक्यात ठेवली. सकाळी ती पाइपलाइनच्या बाजूने लिहायची, जेवण झालं की विरुद्ध. पहिले काही दिवस तिला चमत्कारिक वाटलं. मग लक्षात आलं की सकाळी लिहिलेल्या मुद्द्याला दुपारी चोख उत्तर सुचतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उत्तराचं उत्तर. इतकी चांगली चर्चा तिने कुठल्याही संसदेत ऐकली नव्हती. तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटू लागलं होतं, खोटं कशाला बोला.

मंत्र्यांच्या भाषणात आकडे फार झाले होते. एखादा माणूस हवा होता. म्हणून तिने एक म्हातारा कोळी तयार केला: पाक ओमार. पाक म्हणजे आपल्याकडचं काका. त्याचं घर तिने पुलाउ उबीन बेटावरून घेतलं. रविवारी सायकली घेऊन ती आणि राजस तिथे जात, तेव्हा पाहिलेलं पत्र्याच्या छपराचं एक जुनं घर, अंगणात कोंबड्या, ओट्यावर वाळत टाकलेली जाळी. गावाचं नाव, कांपुंग सेंजा, तिने येता-जाता बसच्या पाटीवर वाचलेलं होतं. या पाक ओमारने मंत्र्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "साहेब, या पाइपातून माझ्या नातीचं भविष्य येतंय."

दुपारी खासदारांचं भाषण लिहायला बसली, तर त्यांनाही माणूस हवा होता. ओमार टेबलावर तयारच होता. खासदारांचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "साहेब, या पाइपातून माझ्या जाळ्यात काळं मरण येतंय." नाव-गाव बदलायचं राहून गेलं. डोक्यातल्या भिंतीला कुठेतरी फट असावी.

समितीच्या पहिल्या दिवशी गार्गी हॉलच्या मागच्या रांगेत बसली होती. मंत्री ओमारपर्यंत आले तेव्हा त्यांचा आवाज कापला. लगेच पलीकडून खासदार उठले.

"माननीय मंत्र्यांनी ओमारचं नाव घेऊ नये," ते म्हणाले. "ओमार माझ्यासमोर रडला आहे."

"माझ्यासमोरही रडला," मंत्री म्हणाले. "आनंदाने."

"तुम्ही त्याच्या घरी कधी गेला होता?"

"मी त्याच्या ओट्यावर बसून चहा प्यायलोय."

"तो चहा पीत नाही," खासदारांनी ठासून सांगितलं. हे वाक्य गार्गीने लिहिलेलं नव्हतं. 

उरलेला सगळा दिवस ओमार चहा पितो की नाही यावर गेला. तेलाचा विषय निघालाच नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही देशांच्या बातम्यांत ओमार होता. समितीच्या अध्यक्षबाई या निवृत्त न्यायाधीश होत्या, बारीक चणीच्या आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी हुकूम सोडला: परवा या गृहस्थांना समितीपुढे हजर करा.

गार्गीने घरी येऊन राजसला सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला हातातला पोह्यांचा डबा खाली ठेवावा लागला.

"अरे, हसतोस काय. माझा एम्प्लॉयमेंट पास जाईल, देश सोडावा लागेल."

"अगं, पण तू घाबरतेस कशाला? दोघांनी त्याच्याकडे चहा प्यायलाय. म्हणजे नाही, एकानेच. आता त्यांनाच आणू दे की त्याला."

त्यांची मुलगी अवनी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "Just say he's sick lah."

गार्गीने तेच सांगायचं ठरवलं. ओमार आजारी आहे, वय झालंय, प्रवास झेपत नाही. तसं निवेदन लिहून ती ठरलेल्या दिवशी हॉटेलवर पोहोचली, तर हॉलबाहेर कोचावर दोन पाक ओमार बसले होते. मंत्र्यांनी आणलेला ओमार नव्या टोपीत होता. तो मंत्र्यांच्या ड्रायव्हरचा सासरा निघाला, उभा जन्म पोस्टात काढलेला. खासदारांनी आणलेला ओमार फाटक्या शर्टात होता. तो नाटकात कामं करायचा, आणि शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

अध्यक्षबाईंनी दोघांना शेजारी शेजारी उभं केलं. समितीचे सगळे खुर्चीत पुढे सरकले.

"तुमचं गाव कोणतं?"

"कांपुंग सेंजा," नवी टोपी म्हणाली.

"कांपुंग सेंजा," फाटका शर्ट म्हणाला.

हॉलमध्ये समाधानाची एक लाट पसरली. गुप्ततेचा करार सोडला तर गेल्या कित्येक वर्षांत दोन्ही बाजूंचं एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं. माणूस कोण यावर वाद असेल, पण गाव आहे याबद्दल वादच उरला नाही. मग नकाशा आणला. नकाशावर गाव सापडेना, तेव्हा दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी हा नकाशा काढणाऱ्यांचा गलथानपणा असल्याचं मान्य केलं, आणि किनाऱ्यालगत खारफुटीत जी मोकळी जागा होती तिथे लाल ठिपका दिला. ठिपका नेमका पाइपलाइनच्या वाटेवर आला. मग काय, तोडगा आपोआप निघाला. विकास तर हवाच, पण कांपुंग सेंजाचा बळी देऊन नको. पाइपलाइन गावाला वळसा घालून जाईल. मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या, खासदारांनी टाळ्या वाजवल्या, दोन्ही ओमारांनी एकमेकांना मिठी मारली. मंजुरी एकमताने.

डेसमंडने ऑफिसात केक आणला. गार्गी मात्र तो नवा नकाशा उघडून बसली होती. वळसा घेतलेली रेघ आता थोडी आत, एका छोट्या गावावरून जात होती. हे गाव नकाशात पहिल्यापासून होतं. शाळा, मशीद, भातशेती, सगळं छापलेलं.

"डेसमंड, इथे माणसं राहतात."

त्याने वाकून पाहिलं. "कोणाच्या भाषणात होती का?"

"नाही."

"मग केक घे."

तिने केक घेतला नाही. दुसऱ्याच दिवशी ती अध्यक्षबाईंना गाठायला हॉटेलवर गेली. बाई सामान भरून लॉबीत गाडीची वाट बघत होत्या.

"मॅडम, कांपुंग सेंजा नावाचं गाव नाही," गार्गी म्हणाली. "मी ते लिहिलंय."

बाईंनी हातातली पर्स बंद केली. त्यांना आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही.

"दोन साक्षीदारांनी शपथेवर सांगितलंय की आहे. नाही म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या. आणि तुम्हाला कोणी साक्षीला बोलावलेलं नाही." मग थोड्या मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "ज्यांच्या गावावरून रेघ गेलीय त्यांनी हरकत घ्यावी. पुढच्या महिन्यात इथेच सुनावणी आहे."

गार्गीने त्या गावाला निरोप पोचवला. पुढच्या महिन्यात गावातून जमिला आली. गावपंचायतीची ती प्रमुख, पन्नाशीची, ठसठशीत. एरवी किराणा दुकान चालवायची. पाया लेबार भागातल्या गार्गीच्या फ्लॅटमध्येच ती उतरली, आणि गार्गीने सुट्टी टाकून तिची हरकत लिहायला घेतली. या वेळी एकही शब्द खोटा लिहायचा नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

तिथेच अडचण झाली. गावात कोणी मंत्र्याचा हात हातात घेतला नव्हता. अर्ध्या गावाला पाइपलाइन नको होती, पाव गावाला रस्ता झाला तर चालणार होती, आणि उरलेल्यांचं शेजाऱ्यांशी बांधावरून भांडण असल्याने शेजारी जे म्हणतील त्याच्या उलट त्यांचं मत होतं. रडलं कोणीच नव्हतं. गार्गीने ते सगळं जसंच्या तसं लिहिलं, आणि जमिलाने सुनावणीच्या पहिल्या दिवशी ते खणखणीत आवाजात वाचलं.

समिती जांभया देत राहिली. शेवटी मंत्री म्हणाले, "आमची यांना सहानुभूती आहे. पण हे खऱ्याखुऱ्या गावकऱ्याचं म्हणणं वाटत नाही." खासदारांनी मान डोलावली. "ओमारच्या बोलण्यात जी माती होती, ती यात नाही."

त्या संध्याकाळी दोघी घराजवळच्या हॉकर सेंटरमधल्या एका खाण्याच्या टपरीवर बसल्या. गार्गीला मान वर करवत नव्हती. जमिला मात्र शांतपणे माशाची करी भातावर घेत होती.

"हा ओमार असं बोलला तरी काय?" तिने विचारलं.

गार्गीने तिला दोन्ही भाषणांतला ओमार वाचून दाखवला. तो कुठून आला, तेही सांगितलं. जमिलाने चमचा खाली ठेवला.

"कोणीच नाही तो?"

"कोणीच नाही."

"मग त्याला नातेवाईकही नसतील."

"नाहीत."

"गरीब बिचारा," जमिला म्हणाली, आणि पुन्हा जेवू लागली.

दुसऱ्या दिवशी तिने समितीपुढे आणखी थोडं बोलायची परवानगी मागितली. गार्गी मागे बसली होती. काय होणार याची तिला कल्पना नव्हती.

"काल मी एक गोष्ट बोलले नाही," जमिला म्हणाली. "घरातली गोष्ट चारचौघांत काढू नये म्हणून. पाक ओमार माझे मामा. तुमचे दोघे ओमार कोण ते मला माहीत नाही, पण खरे मामा पावसाळ्यातच कांपुंग सेंजा सोडून आमच्या गावात राहायला आले. सगळं गावच आलं. तिकडे आता कोणी नाही." तिने ओढणी पदरासारखी डोळ्यांना लावली. "मामा म्हणतात, ज्या साहेबांनी माझं एक घर वाचवलं, ते माझ्या दुसऱ्या घरावरून पाइप नेतील का?"

हॉलमध्ये कुणाच्या तरी हुंदक्याचा आवाज आला. तो मंत्र्यांचा होता. खासदार मागे कसे राहतील. त्यांनी चष्माच काढला. अध्यक्षबाईंनी एकदा जमिलाकडे पाहिलं, एकदा मागच्या रांगेतल्या गार्गीकडे पाहिलं, आणि नकाशा मागवला. कांपुंग सेंजा रिकामं झालं असल्याने तिथून पाइपलाइन नेण्यास कोणाचीच हरकत नव्हती. रेघ पुन्हा सरळ झाली. ठराव एकमताने. त्यात ओमारच्या त्यागाचा उल्लेख असावा, अशी दुरुस्ती खासदारांनी सुचवली आणि मंत्र्यांनी तिला अनुमोदन दिलं.

डेसमंडने पुन्हा केक आणला. ओमारचं पात्र फार वरच्या दर्जाचं आहे, असं म्हणत त्याने गार्गीला एका धरणाचं काम दिलं, दोन्ही बाजूंचं. तिने एक बाजू घेतली आणि दुसरी परत केली. मग डेसमंडने नवा माणूस ठेवला आणि धुरकट काच पुसून घेतली.

जमिलाला फेरीबोटीच्या धक्क्यावर सोडायला गार्गी आणि राजस दोघंही गेले. राजस तिच्या पिशव्या उचलत होता आणि मधूनच स्वतःशी हसत होता. गार्गीला हसू येत नव्हतं. गाव वाचलं याचा आनंद होता, पण तो आनंद नीट खाली उतरत नव्हता. खरं बोलून हरलो आणि खोटं बोलून जिंकलो, हे आता कोणाला सांगायचं, असं तिला वाटत होतं.

"तुम्हाला वाईट नाही वाटत?" तिने जमिलाला विचारलंच.

"कशाचं? मी दुकान चालवते. गिऱ्हाईक जे मागतं ते मी ठेवते." जमिलाने पिशवी खांद्याला अडकवली. "एक मात्र करा. पुढच्या वर्षी मामांना वारू द्या. नाहीतर ते दोघे साहेब मामांचा सत्कार करायला गावात येतील, आणि मग मला त्यांच्यासाठी चहा करावा लागेल."