रूपालीचं वाक्य

प्रमोदिनी मॅडमच्या वर्गात आम्ही चौदा जण होतो. रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन चार वर्षं झाली होती, सरकारी खाती अजून भाड्याच्या बंगल्यांतून चालत होती. बालगृहांत काम करू पाहणाऱ्यांसाठीचा आमचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही शंकर नगरमधल्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत भरायचा. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. एखाद्या प्रयोगशाळेत नोकरी लागेपर्यंत हे करते, असं घरी सांगितलं होतं. पण मुलांशी बोलणं शिकवतात म्हणजे नेमकं काय शिकवतात, हे मला खरंच बघायचं होतं.

मॅडम जे शिकवत ते मोजता येण्यासारखं होतं, म्हणून मला आवडलं. मूल गप्प राहिलं तर मनात दहा आकडे म्हणायचे, मगच तोंड उघडायचं. बसायचं ते त्याच्या उंचीवर. आणि ‘आरसा’ नावाचा सराव असायचा: मूल जे बोललं तेच परत म्हणायचं, त्यात आपलं मीठ टाकायचं नाही. आपण ऐकतोय हे त्यातून मुलाला कळतं.

चौबे कॉलनीतला विशाल माझा जोडीदार होता.

“मले भूक लागली,” तो म्हणाला.

“तुले भूक लागली.”

“लय लागली.”

“लय लागली.”

“अरे मंग समोसा आण ना, देवश्री! काय पोपटासारखी बोलून राहिली?”

सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या. मी वहीत लिहिलं: वाक्यं चार, वेळ अकरा सेकंद.

तिसऱ्या महिन्यात मला मुलींच्या बालगृहात पाठवलं. तिथल्या अधीक्षिका विमला दीदींनी पहिल्याच बुधवारी विचारलं, “तुम मराठी हो ना? एक लड़की है, भंडारा की तरफ की. हिंदी समझती है, पर बोलती किसी से नहीं.”

ती रूपाली. नऊ वर्षांची. बाप नव्हता. आई सिलतऱ्याला एका कारखान्यात मालाच्या चढउतारीचं काम करायची. ती आजारी पडून रायपूरच्या दवाखान्यात भरती झाली, तेव्हा शेजारणीने पोरीला इथे आणून सोडलं होतं. हे सगळं फायलीत होतं. शेवटच्या कागदावर असंही होतं की अकरा दिवसांपूर्वी आई वारली.

“बताया नहीं उसको?” मी विचारलं.

“परीक्षा चल रही है उसकी. उसके बाद देखेंगे. तुम कुछ मत बोलना.”

बुधवार, गुरुवार मी पायरीवर तिच्याशेजारी बसले. ती मटार सोलत होती, मीही सोलले. मनात दहा आकडे झाले, चाळीस झाले. शुक्रवारी ती आपणहून म्हणाली, “माई आई रविवारी येते.”

मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. तीन दिवसांत पहिलं वाक्य, तेही मराठीत. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे, मी एकही शब्द न वाढवता म्हणाले, “तुई आई रविवारी येते.”

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मग ती बोलतच सुटली. आई भाकरी कशी थापते, दवाखान्यात लोखंडी खाट होती, आई आली की दोघी मामाकडे जाणार. मी प्रत्येक वाक्य परत म्हणत गेले. वहीत लिहिलं: प्रतिसाद उत्तम.

रविवारी भेटीची वेळ दहा ते बारा. तेव्हाचं निरीक्षण लिहायला मी गेले, तर रूपाली फाटकाशी उभी होती. आंघोळ केलेली, कपडे पिशवीत भरलेले.

विमला दीदी माझ्यावर धावून आल्या. “नौ बजे से खड़ी है! किसने कहा इसको कि माँ आ रही है? बोलती है, देवश्री दीदी ने कहा.”

“मैंने तो सिर्फ...”

“सिर्फ क्या? अब तू ही बता उसको.”

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. मुलांना ‘गेली’ म्हणायचं नाही, गेलेला माणूस परत येतो, असं मॅडमनी सांगितलं होतं. म्हणून मी म्हणाले, “रूपाली, आई येणार नाही. ती मेली. दवाखान्यात.”

ती रडली नाही. पिशवी तिने दोन्ही हातांनी धरली होती.

“तुले कवापासून माहीत होतं?”

“बुधवारपासून.”

“मंग शुक्रवारी येते काहून म्हणली?”

तू बोललीस तेच मी परत म्हटलं, हे तिला सांगण्यासारखं नव्हतं. मी तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला.

“आप जाइए, दीदी,” ती म्हणाली. माझ्याशी ती पहिल्यांदाच हिंदीत बोलली.

सोमवारी वर्ग सुटल्यावर मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी माझी वही मागून घेतली आणि शुक्रवारचं पान वाचलं. “चूक माझीही आहे,” त्या म्हणाल्या. “ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याने आरसा व्हायचं नसतं, हे मी वर्गात कधी बोललेच नाही. इतकी वर्षं शिकवतेय.”

“मी सोडू का हे?”

“ते तू ठरव. पण सकाळी विमलाचा फोन आला होता. पोरगी विचारते आहे, आईला कुठे जाळलं. तिथे कोणालाच माहीत नाही.”

मंगळवारी मी सिलतऱ्याला गेले. फायलीतल्या पत्त्यावरून कलावतीबाई सापडल्या, त्याच त्या शेजारीण. मी एकेक विचारत गेले आणि लिहीत गेले. शनिवार. दुपारी अडीच वाजता. दहन वस्तीच्या पाराजवळच्या नाल्याकाठी, त्याच संध्याकाळी. अग्नी कलावतीबाईंच्या दिराने, तुळशीरामने दिला. हिरवं लुगडं. माणसं सात.

“शेवटी रूपालीचं नाव घेतलं का तिने?”

कलावतीबाईंनी आठवून पाहिलं. “नाही बाई. दोन दिवस तिले शुद्धच नव्हती.”

परत येताना बसमध्ये मी त्या एकाच ओळीचा विचार करत होते. ती बदलणं सोपं होतं, आणि कोणाला कळलं नसतं.

रूपाली पायरीवर होती. मी दोन हात अंतर ठेवून बसले आणि वहीत पाहून सांगितलं, वार, वेळ, नाला, तुळशीराम, लुगडं, सात माणसं. मी मराठीतच बोलले. ती समोर बघत होती.

“मेरा नाम लिया था?”

मी आकडे मोजले नाहीत. “नाही,” म्हणाले. “तिले शुद्ध नव्हती. दोन दिवस कोणाचंच नाव घेतलं नाही.”

तेव्हा ती रडली. फ्रॉकचा घेर तोंडात कोंबून, आवाज न करता, फार वेळ. मी तिला हात लावला नाही. तेवढा हक्क माझा उरला नव्हता. आत जेवणाची घंटा झाली, मुली रांगेत उभ्या राहिल्या, कोणी तिला हाक मारली. ती उठली नाही.

“फिर से बताओ,” ती म्हणाली. “शुरू से.”

“शनिवार होता,” मी म्हणाले. “दुपारचे अडीच वाजले होते.”